सडा झाडणारी माणसं

(दृश्य : कशेळीचा सडा, आकाशातून. सकाळची तिरपी उन्हं.)

आधी नुसता काळा कातळ दिसतो. मधेमधे वाळल्या गवताची पिवळी ठिगळं. नजर जरा स्थिरावली की एक वाकलेली रेघ हाती लागते. ती पाठ. तिच्यावरून पुढे उतरत गेलं की सोंड. मग एकेक पाय.

हा हत्ती आहे. रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यातल्या कशेळी गावच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळावर, उघड्या जांभ्या दगडात कोरलेला. एक कातळशिल्प. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. त्याच्या अंगात आणखी ७०-८० लहान आकृत्या कोरल्या आहेत. कशेळीला कनकादित्याच्या दर्शनाला माणसं पिढ्यान्‌पिढ्या येताहेत. त्याच गावच्या सड्यावर एवढा हत्ती पसरलेला आहे, हे बाहेरच्या जगाला कळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

उभ्यानं तो दिसत नाही. त्याच्या पोटावरून चालत जावं आणि पायाखाली काय आहे ते कळूही नये, असा त्याचा पसारा.

(दृश्य : खराट्याचा आवाज. उडणारी धूळ. माणसांचे फक्त हात.)

खराटा. माडाच्या हिरांचा, कोकणातल्या घराघरात असतो तोच. सडा शोधायला निघालेल्या माणसांचं पहिलं हत्यार हे. खराट्यानं आधी काटक्या, सुकलेलं गवत, गुरांचं शेण बाजूला काढायचं. मग हलक्या हातानं केरसुणी. रेघेत वर्षानुवर्षं बसलेली माती थरथरानं निघते. तारेचा ब्रश चालत नाही, टोकदार काही चालत नाही. आकृती उठून दिसावी म्हणून खडूनं किंवा चुन्यानं रेघ भरायचा मोह बघायला येणाऱ्यांना फार होतो. तेही इथे करायचं नसतं. जांभा वरून कणखर वाटला तरी तो छिद्रांनी भरलेला दगड. त्यात गेलेला रंग पुन्हा निघत नाही.

माती निघते तशी आधी एक बोट रुंदीची खाच दिसते. ती कधी वितीवर संपते आणि निघते नुसती भेग. कधी ती वळते. वळली की सगळे गप्प होतात.

(दृश्य : वळलेली रेघ. काही क्षण निवेदन नाही.)

रत्नागिरीची निसर्गयात्री संस्था. हे शहर आंब्याचं, टिळकांच्या जन्मघराचं, थिबा राजवाड्याचं. त्यातल्या काही माणसांनी २०१२ च्या आसपास ठरवलं की आपल्या सड्यांवर काय आहे ते आपणच पायी फिरून बघायचं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकुरदेसाई ही या कामातली पहिली नावं. यातल्या कुणाचंही पुरातत्त्व हे पोटापाण्याचं काम नव्हतं. सुटीच्या दिवशी निघायचं, खिशातले पैसे खर्चायचे आणि संध्याकाळी परत यायचं, असं ते सुरू झालं.

निवळी फाट्याजवळची आकृती जाणकारांना आधीपासून ठाऊक होती. तिकडे सिंधुदुर्गात हिवाळे आणि कुडोपीची कातळशिल्पं सतीश लळीत यांनी अभ्यासकांपुढे आणली होती. म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठण्यापुरतं सूत होतं. बाकी सगळा सडाच.

(दृश्य : सडा, क्षितिजापर्यंत. एकटंच झाड.)

सडा म्हणजे काय, हे कोकणाबाहेर जन्मलेल्याला सांगावं लागतं. डोंगर चढून वर आलं की शिखर लागत नाही, लागतं ते पठार. सपाट, काळं, उन्हात तापलेलं. माती इतकी पातळ की झाड धरत नाही. हा जांभा दगड. १८०० च्या सुमारास फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश माणसानं मलबारात तो पाहिला. लोक तो कापून विटांसारखा वापरतात हे पाहून त्यानं १८०७ च्या आपल्या पुस्तकात लॅटिनमधल्या विटेवरून त्याचं नाव ठेवलं लॅटराईट. आपण त्याला चिरा म्हणतो आणि घरं बांधतो. ताजा कापलेला चिरा लालभडक असतो, पावसाळे खाऊन तो काळा पडतो. या सड्यावर ज्या दिवशी पहिल्यांदा कुणी टोचा मारला असेल, त्या दिवशी काळ्या कातळावर लाल रेघ उमटली असेल. तो हत्ती लाल होता. आज खाचही काळी आणि कातळही काळा, म्हणून तो लपला.

सातबाऱ्यावर या जमिनीची नोंद बहुतेक ठिकाणी पोटखराबा. पीक नाही, म्हणून खराब. पण इथल्या माणसाला सडा कधीच रिकामा नव्हता. गुरं इथे चरतात. घरं शाकारायला गवत इथून गेलं. पावसात झिरपून विहिरींना येणारं पाणी हा सडाच देतो. जूनमध्ये इथे दीपकाडीची पांढरी फुलं येतात, श्रावण-भाद्रपदात सीतेच्या आसवांनी सगळा कातळ निळा होतो. पोटखराबा हा शब्द ज्यानं लिहिला, तो बहुधा पावसाळ्यात वर चढला नसावा.

(दृश्य : गुरांच्या मागे चालणारा म्हातारा. त्याच्या बाजूनं दोघे स्वयंसेवक.)

शोध लागतो तो असा. वाडीत जायचं, बसायचं, पाणी मागायचं. मग विचारायचं, “काका, वर सड्यावर दगडात काही कोरलेलं बघितलंत का कधी?” पहिलं उत्तर बहुतेक नाही असंच येतं. मग माणूस जरा थांबतो. लहानपणी गुरं राखताना काहीतरी होतं खरं. तिथे आम्ही बसायचो. पावसात त्यात पाणी साचायचं. हे साचलेलं पाणी फार महत्त्वाचं, कारण सपाट कातळावर पाणी रेघेत साचत असेल, तर ती रेघ कुणीतरी पाडलेली असण्याची शक्यता वाढते.

कुठे त्या आकृतीला वर्षातून एकदा नारळ फुटतो. कुठे ती कुणाच्या खिजगणतीत नाही. २०१८ पर्यंत ५२ गावांत चारशेच्या घरात आकृत्या हाती आल्या होत्या. त्यातल्या फक्त पाच गावांना आपल्याकडे असं काही आहे हे आधी माहीत होतं. सत्तेचाळीस गावांत ती उमटली खराट्यानं आणि कुण्या गुराख्याच्या आठवणीनं. तो गुराखी या शोधाचा निम्म्याचा मालक आहे. निबंधात त्याचं नाव येत नाही, म्हणून इथे त्याचा चेहरा मुद्दाम एवढा वेळ ठेवला आहे.

(दृश्य : दोरी ताणली जाते. चौकोन पडतात. वहीवर पेन्सिल.)

सापडलं म्हणजे झालं, असं नाही. उन्हाचा हिशेब असतो. भर दुपारी सूर्य डोक्यावर आला की उथळ खाच सावलीच धरत नाही, पायाशी असलेलं हरीण दिसेनासं होतं. म्हणून पहाटे निघायचं, उन्हं तिरपी असताना बघायचं, पुन्हा संध्याकाळी बघायचं. सकाळी जे शेपूट वाटलं ते संध्याकाळी चौथा पाय निघतो. ऋतूचाही हिशेब आहे. पावसाळ्यात शेवाळ, नंतर गुडघाभर गवत. गवत वाळून कापलं गेलं किंवा वणव्यात जळलं की सडा उघडा होतो. तेव्हापासून मिरग लागेपर्यंत कामाचे दिवस, आणि त्यातले शेवटचे दोन महिने कातळ असा तापतो की अनवाणी टेकवत नाही.

मग मोजणी. आकृतीवर दोरीनं चौकोन आखायचे. एका चौकोनात जे आहे ते कागदावरच्या एका चौकोनात. रेघ किती रुंद, किती खोल, कुठे तुटली. जीपीएसवर जागा टिपायची. वरून ड्रोननं छायाचित्र. पूर्वी हे छायाचित्र घ्यायला शिडी लागायची. ड्रोन आल्यावर मोठ्या आकृत्या पहिल्यांदा एका नजरेत मावल्या. पण नकाशातला कागदी चौकोन अजूनही माणूसच भरतो. तिथे गुडघे टेकावे लागतात.

आणि जमीन कुणाची, हाही प्रश्न असतो. सडा बहुतेक खाजगी. सातबाऱ्यावर डझनावारी नावं, निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत. एका आकृतीसाठी किती ओट्यांवर चहा प्यावा लागतो, ते या मंडळींनाच विचारा. संमतीचा हा भाग आमच्या चित्रफितीत जवळजवळ नाही. त्यानं खाल्लेले दिवस मात्र मोजणीहून जास्त आहेत.

(दृश्य : उक्षी. गोल गडगा. आत हत्ती.)

उक्षी, रत्नागिरी तालुका. इथे गावानं आपल्या हत्तीभोवती जांभ्याचाच गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातला. त्याच्यावर उभं राहून खाली बघायचं. पाय आकृतीवर पडत नाही, नजर पडते. साधी, स्वस्त, गावच्या गवंड्याला जमणारी युक्ती.

(दृश्य : जांभरुण. आकृत्यांवरून सरकत जाणारा कॅमेरा.)

जांभरुणला एकाच सड्यावर पन्नासच्या आसपास आकृत्या. प्राणी, पक्षी, मासे. त्यांच्यात फिरताना लक्षात येतं की कोरणाऱ्याला समुद्र आणि रान दोन्ही अंगणातलं होतं. पाकट माशाची शेपटी त्यानं एका ओढीत काढली आहे.

(दृश्य : बारसू. मधोमध माणूस, दोन्हीकडे वाघ.)

बारसू. मध्ये एक माणूस, दोन्ही बाजूंना दोन वाघ. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर अशीच मांडणी आहे, हे पाहणाऱ्याला लगेच आठवतं. त्यांचा एकमेकांशी काय संबंध, यावर अभ्यासकांचं काम सुरू आहे. आपण नुसतं बघूया.

(दृश्य : बारसू, तीच चौकट, निवेदनाविना.)

देवाचे गोठणे. इथे एक मानवाकृती आणि तिच्याजवळ होकायंत्र धरलं की सुई भरकटते. रुंढेतळीला आणि देवीहसोळला चौकटी, त्यांत भौमितिक नक्षी. ती कशाची, ते ओळखू येत नाही, पण हात सराईत आहे.

एका गोष्टीपाशी मात्र आम्ही थांबलो. देऊडच्या सड्यावर गेंडा आहे. एकशिंगी. आज रानातला गेंडा बघायचा तर आसाम-बंगालकडे जावं लागतं. कोकणात पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुणाच्या आठवणीत तो नाही. ज्यानं तो कोरला त्यानं तो पाहिलेला असणार, कारण शिंग बरोबर नाकावर आहे. आणि इतक्या शेकडो चित्रांमध्ये नांगर नाही, बैल जुंपलेला नाही, कणीस नाही. राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे तेव्हाचे संचालक तेजस गर्गे यांनी यावरूनच म्हटलं की ही शेती माहीत नसलेल्या, शिकारीवर जगणाऱ्या माणसांची चित्रं असावीत. दगडावरच्या खाचेचं वय थेट मोजता येत नाही, त्यात कोळसा नसतो, हाड नसतं. म्हणून विभागानं कणकवली तालुक्यात कोळोशीच्या गुहेत उत्खनन केलं. तिथे दगडी हत्यारं मिळाली. आता सड्यावरची चित्रं मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे शेतीआधीच्या दगडी हत्यारांच्या काळापर्यंत, मागे नेता येतात का, हे त्या हत्यारांच्या आधारानं तपासलं जातं आहे.

(दृश्य : कुशावतीचं पात्र, गोवा. कातळावर चक्रव्यूह.)

हीच रेघ दक्षिणेकडे गोव्यात जाते. सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी पणसायमळ. १९९३ साली गावकऱ्यांनीच अभ्यासकांना ही जागा दाखवली. तिथेही आधी माती बाजूला करावी लागली.

(दृश्य : कागद, नकाशे, पाटी. झरझर.)

२०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत कोकणातली कातळशिल्पं गेली, नऊ ठिकाणं. सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि एक गोव्यातलं पणसायमळ. २०२४ मध्ये देऊडची शिल्पं राज्य संरक्षित स्मारक झाली. आकृत्यांची संख्या आता हजाराच्या कितीतरी पुढे आहे.

(दृश्य : चिरेखाण. कटरचा आवाज. उभा कापलेला लाल कडा.)

चिरेखाणी, रस्ते, प्रकल्पांच्या आखण्या, सगळ्याला सडाच लागतो. पोटखराबा स्वस्त पडतो.

(दृश्य : आणखी एक सडा. संध्याकाळ.)

आज मंडळी एका नव्या जागी आहेत. जागा सांगत नाही, अजून मालकांशी बोलणं व्हायचं आहे. सकाळपासून चार जणांनी खराटा धरला. दोरीच्या सहा ओळी पडल्या, त्यातल्या चार भरल्या. एक पाऊल आहे, जनावराचं की माणसाचं ते ठरत नाही. त्याच्या शेजारी एक लांब रेघ गवतात शिरली आहे.

पश्चिमेला ढग आहेत. मिरग आठ दिवसांवर. गवतात शिरलेली रेघ कुठे जाते ते बघायला अजून एक सकाळ हवी.

दोरी गुंडाळतात. खुंट्यांच्या जागी चार खडे ठेवतात, म्हणजे उद्या चौकोन तिथेच पडतील.

(दृश्य : चार खडे. अंधार.)