आमराईतला फुलटोच्या

कोकणातल्या जुन्या आमराईत मान वर करून पाहिले, की आंब्याच्या गर्द पानोळ्यात मध्येच निराळ्या पानांचा एक झुबका दिसतो. ते बांडगूळ. त्या झुबक्यातून ‘चिक्-चिक्’ असा तुटक आवाज येत राहतो, पण तो काढणारा पक्षी सहजासहजी दृष्टीस पडत नाही. कारण त्याची लांबी जेमतेम 8 सेंटिमीटर असते आणि मळकट तपकिरी अंगावर नजर ठरावी असा एकही भडक रंग नसतो. हा टिकेलचा फुलटोच्या, भारतातील सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक.

आता त्याची चोच पाहा. बांडगुळाचे पिकलेले फळ तो अख्खे गिळतो. गर पचतो, बी मात्र आपल्या चिकट वेष्टनासह तशीच पुढे सरकते. बांडगुळाच्या फळांवर जगणाऱ्या फुलटोच्यांच्या पोटाची ठेवण यासाठी मोठी सोयीची आहे. किडे भरडणारी पेषणी अन्नमार्गाच्या एका बाजूला पिशवीसारखी असते, त्यामुळे फळ तिच्यात न शिरता थेट आतड्यात उतरते आणि थोड्याच वेळात बी बाहेर पडते. ती इतकी चिकट असते, की नुसती गळून पडत नाही. पक्ष्याला फांदीवर अंग घासूनच तिच्यापासून सुटका करून घ्यावी लागते. बांडगुळाला नेमके हेच हवे असते, कारण जमिनीवर पडलेली त्याची बी वाया जाते.

याचाच भाऊबंद असलेला जाड चोचीचा फुलटोच्या बी गिळत नाही. तो फळ चोचीत फिरवून गर खातो आणि चोचीला चिकटलेली बी फांदीला पुसतो. खाण्याची रीत वेगळी, पण बी पोहोचते तिथेच.

बुलबुलाचे तसे नाही. उंबर, वड, घाणेरी, जे पिकेल ते तो खातो, आणि कुंपणावर किंवा तारेवर बसून टाकलेल्या त्याच्या विष्ठेतील बिया खाली मातीत रुजतात. घाणेरीचे रान माजण्यात त्याचाही हात आहे. पिल्लांना मात्र तो आधी किडे भरवतो, कारण नुसत्या गरावर त्यांची वाढ होत नाही.

पुन्हा आमराईकडे वळू. बांडगुळाची पक्व कळी आपोआप उमलत नाही. फुलटोच्याने किंवा शिंजिराने तिचे टोक चोचीने दाबले, की ती फट्‌कन उघडते आणि पराग पक्ष्याच्या डोक्यावर उडतात. म्हणजे परागीभवन आणि बीजप्रसार ही दोन्ही कामे फुलटोच्या करतो. डॉ. सालिम अली यांनी कोकणातील या संबंधाचा अभ्यास करून 1931 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला होता.

बागायतदाराला यात कौतुक वाटण्याचे कारण नाही. बांडगुळाची हिरवी पाने स्वतःचे अन्न तयार करतात हे खरे, पण पाणी आणि क्षार आंब्याच्या फांदीतूनच ओढले जातात, आणि बांडगुळाच्या पुढची फांदी हळूहळू वाळते. म्हणून जाणता माणूस फळे पिकण्याआधीच बांडगूळ फांदीसकट छाटतो.

या फांदीवर ते राहून गेले आहे. पक्षी उडाला, सालीवर दोन ओलसर, चकचकीत बिया उरल्या आहेत. काही दिवसांत त्यांतून हिरवा कोंब निघेल, सालीकडे वाकेल आणि टोकाशी चकतीसारखा पसरून तिला घट्ट धरील.