व्हर्न वाचायचा, पण कोणती प्रत?

परदेशी विज्ञानकादंबऱ्यांची सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं तर आम्ही डोळे मिटून ज्यूल व्हर्नची 'मिस्टिरियस आयलंड' सुचवतो. मूळ फ्रेंच, 1874-75 सालची. अमेरिकन यादवी युद्धात रिचमंडमध्ये अडकलेले पाच जण आणि एक कुत्रा बलूनमधून निसटतात आणि पॅसिफिकमधल्या निर्मनुष्य बेटावर जाऊन पडतात. जवळ हत्यारं नाहीत, अवजारं नाहीत. विटा, लोखंड, अगदी नायट्रोग्लिसरीनसुद्धा तिथंच तयार करायचं. त्यांच्यातल्या हर्बर्टच्या कोटाच्या अस्तरात गव्हाचा एकुलता एक दाणा सापडतो आणि लगेच हिशेब सुरू होतो: एका दाण्याला दहा ओंब्या, ओंबीला ऐंशी दाणे. पहिल्या पिकाला 800, दुसऱ्याला 6 लाख 40 हजार, तिसऱ्याला 51 कोटी 20 लाख! हे हिशेब वाचताना पान सोडवत नाही.

इंग्रजीतून वाचणार असाल, तर प्रत मात्र पारखून घ्या. फुकट किंवा स्वस्तात हाती येतो तो बहुतेक वेळा किंग्स्टनच्या नावावरचा 1875 चा अनुवाद. त्याचे हक्क कधीच संपलेत, त्यामुळे कुणीही छापतं. तो ओळखायचा कसा? दुसरं प्रकरण उघडा. पाच जणांतल्या इंजिनीअरचं नाव सायरस हार्डिंग दिसलं, तर पुस्तक खाली ठेवा. व्हर्ननं त्याचं नाव सायरस स्मिथ ठेवलंय.

नुसतं नाव बदललं असतं तर चाललं असतं. खरा घोळ तिसऱ्या भागाच्या सोळाव्या प्रकरणात आहे. शेवट आधी कळायला नको असेल, तर हा परिच्छेद सोडा. इथं कॅप्टन नेमो, म्हणजे व्हर्नच्या 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज'मधला पाणबुडीचा कप्तान, आपली ओळख सांगतो: बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार. व्हर्न लिहितो की 1857 च्या उठावाचा तो आत्मा होता. किंग्स्टनच्या प्रतीत मात्र इंग्रजांनी देशात शांतता आणि भरभराट आणलेली असते, आणि अडाणी, अंधश्रद्धाळू प्रजेला मतलबी संस्थानिक भडकवतात. नेमो आयुष्यभर ज्या रागावर जगला, त्याचं कारणच पुसून टाकलंय. आपल्याकडच्या वाचकानं तरी ही प्रत घेऊ नये. 2001 मध्ये सिडनी क्रॅविट्झ आणि जॉर्डन स्टम्प यांचे दोन नवे, संपूर्ण अनुवाद आले. त्यांतला कुठलाही घ्या.

व्हर्नच्याच 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज' या कादंबरीची गतही तीच. मर्सिए यांच्या जुन्या अनुवादात जवळजवळ पाव पुस्तक गाळलंय, पण इथं खिशाला चाट नाही. एफ. पी. वॉल्टर यांचा 1991 चा पूर्ण अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर मोफत आहे. उतरवून घेताना अनुवादकाचं नाव तेवढं तपासा, कारण मर्सिएही तिथंच मिळतो.

व्हर्ननंतर पोलिश लेखक स्तानिस्वाव लेमची 'सोलारिस' (1961) घ्या. 1970 चं इंग्रजी पुस्तक पोलिशवरून नव्हे, फ्रेंच अनुवादावरून केलेलं. त्यात नायिका 'रेया' आहे, मूळची 'हारी'. थेट पोलिशवरून केलेला बिल जॉन्स्टन यांचा अनुवाद 2011 साली आधी ऑडिओबुक आणि मग ई-बुक म्हणून निघाला.