स्फोट ३०४ मध्ये, वात १४ तारखेची

[पडद्यावर अंधारी सोसायटी, जिन्यातला एकच दिवा चालू]

महिन्याची १ तारीख, रात्रीचे १२ वाजून १ मिनिट. पुण्यातल्या एका सोसायटीची मेंटेनन्सची बिलं काढणारा प्रोग्रॅम आपोआप सुरू होतो. १०१ चं बिल तयार, १०२ चं तयार, पहिला मजला झाला, दुसरा झाला, ३०१, ३०२, ३०३... आणि तिथंच प्रोग्रॅम बंद पडतो.

५ मजले, प्रत्येक मजल्यावर ४ फ्लॅट, म्हणजे २० बिलं निघायला हवी होती, निघाली ११. सकाळी साडेसातला सेक्रेटरी काकांचा फोन, "अहो, चौथ्या-पाचव्या मजल्यावर कुणालाच बिल नाही आलं, काय झालंय जरा बघा की."

हा प्रोग्रॅम आमच्या टीमनं लिहिलेला, जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. लॉग, म्हणजे प्रोग्रॅमची रोजनिशी, उघडला तर त्यात एक ओळ, जी जावा लिहिणाऱ्या प्रत्येकानं कधी ना कधी बघितलेली असते: नल पॉइंटर एक्सेप्शन, म्हणजे जिथं काहीतरी असायला हवं तिथं नल, काहीच नाही. खाली फाईलचं नाव आणि लाईन नंबर ८७, बास, एवढंच.

[पडद्यावर कोडची एकच ओळ, मोठी करून]

आता ही ८७ नंबरची ओळ जवळून बघा. बिलावर मालकाचं नाव कॅपिटल अक्षरांत छापायचं म्हणून लिहिलंय: फ्लॅट डॉट गेट ओनर डॉट गेट नेम डॉट टू अपर केस. एका ओळीत तीन डॉट. म्हणजे फ्लॅटला विचारलं तुझा मालक कोण, मालकाला विचारलं तुझं नाव काय, आणि नावाला सांगितलं कॅपिटल हो. यातलं कुणीतरी एक जागेवर नाहीये, पण कोण? फ्लॅट नाही, मालक नाही, का नाव नाही? तेव्हा आम्ही जावा ८ वर होतो, ते फक्त लाईन सांगायचं, तीन डॉटपैकी कुठला ते सांगायचं नाही. मार्च २०२० मध्ये जावा १४ आलं आणि त्यात ही सोय झाली, सरळ वाक्यात सांगतं की गेट ओनर मधून आलेली व्हॅल्यू नल आहे म्हणून गेट नेम कॉल करता येत नाही. १४ मध्ये ती सोय मुद्दाम चालू करावी लागायची, १५ पासून आपोआप चालू. एवढ्या एका वाक्यानं जगभरातल्या लोकांचे किती तास वाचले असतील याचा विचार करून मला खरंच बरं वाटतं.

तर ३०४ ला मालकच नव्हता. तो फ्लॅट अजून विकला गेला नव्हता. आधी तो यादीतच नव्हता, मग १४ तारखेला कुणीतरी तो यादीत घातला, मालकाचा रकाना रिकामा सोडला, आणि सिस्टीमनं तो निमूट घेतला. १४ तारखेपासून महिना संपेपर्यंत सगळं शांत. म्हणजे एरर आली १ तारखेला, ८७ नंबरच्या ओळीवर, पण चूक झाली होती १४ तारखेला, भलत्याच स्क्रीनवर. फटाका जिथं फुटतो तिथं आपण धावतो, पण वात कुठनं पेटत आली ते बघायला मागं जावं लागतं, आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड कोडमध्ये, म्हणजे फ्लॅट, मालक अशा वस्तू (ऑब्जेक्ट) जोडून लिहिलेल्या कोडमध्ये, ही वात फार लांबची असते, कारण एक ऑब्जेक्ट दुसऱ्याला धरून असतो, दुसरा तिसऱ्याला, आणि त्या साखळीतला कुठलाही दुवा कुणीही कधीही बदललेला असू शकतो.

[पडद्यावर ओस्लोचा जुना कृष्णधवल फोटो]

हे नल आलं कुठनं ते सांगतो, कारण ती गोष्ट मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. टोनी होअर, संगणकशास्त्रज्ञ, जन्म १९३४, कोलंबोचा. क्विकसॉर्ट, म्हणजे यादी झटपट क्रमानं लावायची पद्धत, ज्यानं शोधली तोच. १९६५ च्या सुमारास अल्गॉल डब्ल्यू या भाषेसाठी तो एका रेकॉर्डनं (माहितीच्या नोंदीनं) दुसऱ्या रेकॉर्डकडं बोट कसं दाखवायचं याची रचना करत होता. त्याला सगळं बोट दाखवणं सुरक्षित करायचं होतं, कंपायलरनंच, म्हणजे कोडचं मशीनसाठी भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमनंच, तपासावं असं. पण "कुणीच नाही" अशीही एक व्हॅल्यू असली तर बरं, आणि ती करायला इतकी सोपी होती की त्याला मोह आवरला नाही. २००९ मध्ये लंडनच्या एका कॉन्फरन्समध्ये त्यानं स्वतः उभं राहून ही आपली अब्ज डॉलरची चूक म्हणून कबूल केली. ट्युरिंग अवॉर्ड, म्हणजे संगणकशास्त्रातला सगळ्यात मोठा मान, मिळालेला माणूस, चाळीसेक वर्षांनी, भर सभेत. माझ्या मनात त्याच्याबद्दलचा आदर त्या कबुलीनं वाढला.

आणि होअरच्या त्याच रेकॉर्डच्या कामातून नॉर्वेतल्या दोघांनी उचललं. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड, ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमधले. त्यांची सिम्युला ६७ म्हणजे क्लास (ऑब्जेक्टचा साचा), ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स (एका साच्यावरनं दुसरा काढणं) हे सगळं जिथं पहिल्यांदा एकत्र आलं ती भाषा. तिच्यातही "कुणीच नाही" साठी एक शब्द होता, नन. म्हणजे ऑब्जेक्ट आणि नल ही जुळी भावंडंच म्हणा, पहिल्या दिवसापासून बरोबर आहेत.

बरं, आमच्या बिलाकडं परत. पहिल्या दिवशी आम्ही काय केलं? जे सगळे करतात ते. ८७ च्या वर एक इफ टाकला, मालक नल असेल तर हा फ्लॅट सोडून पुढं जा. दहा मिनिटांत दुरुस्ती, दुपारपर्यंत राहिलेली बिलं गेली, काका खूश. मग तीन महिन्यांनी हिशेब तपासताना सोसायटीच्या जमेत खड्डा निघाला, कारण ३०४ चं बिल कुणाच्याच नावावर निघत नव्हतं, एरर तर गेली होती पण त्याबरोबर चूक ओरडायचीही बंद झाली होती. हे मला सगळ्यात घातक वाटतं. एरर येणारा प्रोग्रॅम निदान सांगतो की दुखतंय.

[पडद्यावर फ्लॅट क्लासचा कन्स्ट्रक्टर]

खरी दुरुस्ती वेगळ्याच ठिकाणी होती. काकांना विचारलं, न विकलेल्या फ्लॅटचा मालक कोण हो? ते म्हणाले, "बिल्डर! आणि मेंटेनन्सही त्यानंच भरायचा." म्हणजे बिनमालकाचा फ्लॅट ही गोष्ट जगात नव्हतीच, ती फक्त आमच्या कोडमध्ये होती. मग फ्लॅट क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्येच, म्हणजे नवा फ्लॅट बनवणाऱ्या कोडमध्येच, अट घातली की मालक दिल्याशिवाय फ्लॅट तयार होणार नाही. जावामध्ये त्यासाठी ऑब्जेक्ट्स डॉट रिक्वायर नॉन नल आहे, २०११ च्या जावा ७ पासून, एका ओळीचं काम. आता कुणी रकाना रिकामा सोडला तर त्याच क्षणी, त्याच माणसासमोर एरर येते, पंधरा दिवसांनी मध्यरात्री नाही.

हे छोट्या सोसायटीपुरतंच आहे असं वाटत असेल तर १२ जून २०२५ आठवा. आपल्याकडं रात्रीचे साधारण सव्वाअकरा, आणि गुगल क्लाउड जगभर कोलमडायला लागलं, त्याच्यावर चालणारी कितीतरी ॲप्स बंद. गुगलनं नंतर स्वतः अहवाल दिला. २९ मे ला त्यांच्या सर्व्हिस कंट्रोल नावाच्या भागात नवा कोड गेला होता, कोटा, म्हणजे कुणी किती वापरायचं याची मर्यादा, तपासणारा. तो टप्प्याटप्प्यानं गेला, पण एका विशिष्ट प्रकारची पॉलिसी, म्हणजे नियमांची नोंद, आल्याशिवाय तो कोड चालणारच नव्हता, त्यामुळं सगळीकडं पोचला तरी एकदाही चालला नाही. १२ जूनला एक पॉलिसी आली, तिच्यात काही रकाने रिकामे, काही सेकंदांत ती जगभरच्या रीजनमध्ये पोचली, आणि प्रत्येक ठिकाणी नल पॉइंटर, क्रॅश, परत चालू, परत क्रॅश. त्यांच्या लोकांनी दहा मिनिटांत कारण शोधलं ही मोठीच गोष्ट. पण बघा, वात २९ मे ची, स्फोट १२ जूनचा. रिकामा रकाना आणि दोन आठवडे शांतता, आमच्या ३०४ सारखंच अगदी.

[पडद्यावर शंभराच्या दोन नोटा शेजारी शेजारी]

आता दुसरा किस्सा, याच प्रोग्रॅममधला, आणि हा मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. पैसे भरले की पावती बनते, पावतीवर फ्लॅट नंबर असतो, तो फ्लॅटच्या नंबराशी जुळला की थकबाकी शून्य होते. टेस्टिंग झालं, १०१ जुळला, १०२ जुळला, १०३, १०४, सगळं ठीक. लाइव्ह गेल्यावर पहिल्या मजल्याचे सगळे पैसे जमा आणि दुसऱ्या मजल्यापासून वर सगळे थकबाकीदार! पैसे भरलेल्या माणसाला तुम्ही थकबाकीदार आहात असा मेसेज गेला की तो काय बोलतो ते काकांना ऐकावं लागलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

कारण काय, तर नंबर इंटिजर (पूर्णांक) ऑब्जेक्टमध्ये ठेवलेले आणि तुलना इक्वल्सनं करायच्या ऐवजी डबल इक्वल टू (==) नं केलेली. या दोन नोटा बघा. दोन्ही शंभराच्याच, पण नंबर वेगळे, म्हणजे नोटा वेगळ्या. इक्वल्स विचारतं "किंमत तेवढीच आहे का", तर उत्तर हो. डबल इक्वल टू विचारतं "हीच ती नोट का", तर उत्तर नाही. मग १०१ कसा जुळला? जावा उणे १२८ ते १२७ पर्यंतचे आकडे आधीच बनवून ठेवतं आणि तेच तेच ऑब्जेक्ट सगळ्यांना देतं. १०४ त्याच्या आत बसतो. २०१ बसत नाही, तिथं दर वेळी नवं ऑब्जेक्ट बनतं. आणि आमच्या टेस्टमध्ये दुसऱ्या मजल्यावर कुणी चढलंच नव्हतं.

याच जातीचा पण जास्त चकवणारा प्रकार हॅशमॅपचा, म्हणजे किल्ली दिली की तिची नोंद शोधून देणाऱ्या यादीचा. सोसायटीच्या खाली टपालाच्या पेट्या असतात तशा कल्पना करा. ऑब्जेक्टवरनं एक आकडा निघतो, तो आकडा सांगतो कुठली पेटी. आम्ही मालकाचं ऑब्जेक्टच 'की', म्हणजे किल्ली, म्हणून वापरलं होतं आणि आकडा नावावरनं काढत होतो. एका मालकाच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं, ते दुरुस्त केलं, आणि त्यांचा सगळा जुना हिशेब गायब. मॅपला विचारलं किती नोंदी आहेत, तर म्हणे २०. या मालकाची दे, तर म्हणे नल. नोंद होती जुन्या नावाच्या पेटीत आणि शोध चालला होता नव्या नावाच्या पेटीत. आणि ते नल तिसऱ्याच ठिकाणी जाऊन फुटलं, रिपोर्टच्या पानावर, त्यामुळं दोन दिवस आम्ही रिपोर्टचाच कोड चाळत बसलो. जी गोष्ट बदलू शकते तिला 'की' करू नये, मेंबर नंबर करावा, तो जन्मभर तोच राहतो. जावा १६ पासून रेकॉर्ड नावाचे खास क्लास आलेत, त्यांच्या फील्ड (आतले रकाने) एकदा भरल्या की बदलता येत नाहीत, अशा कामाला ते फार चांगले.

इनहेरिटन्सबद्दल थोडक्यात, कारण त्यावर वेगळा व्हिडिओ लागेल. खाली दुकानं होती, कुणीतरी दुकान क्लास फ्लॅटवरनं काढला, कोड कमी लिहावा लागतो म्हणून. मग पाण्याचं बिल राहणाऱ्या माणसांवरनं काढायची वेळ आली, दुकानात राहतं कोण? संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्हनं १९८७ मध्येच मांडलं होतं की वडलांच्या (मूळ क्लासच्या) जागी मुलाला (त्यावरनं काढलेल्या क्लासला) उभं केलं तर प्रोग्रॅम बिघडायला नको. जावा बनवणाऱ्यांकडूनही हे सुटलेलं आहे, त्यांचा स्टॅक व्हेक्टरवरनं, म्हणजे साध्या यादीवरनं, काढलेला, त्यामुळं वरनंच ठेवायच्या-काढायच्या ढिगात तुम्ही तळाला हात घालू शकता. आता त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की डेक (दोन्ही टोकांनी ठेवता-काढता येणारी रांग) वापरा.

[पडद्यावर लॅपटॉप, स्क्रीनवर लांबलचक स्टॅक ट्रेस]

टीममधली ही मुलगी, जॉईन होऊन चार महिने झालेत. समोर ३०४ च्याच जुन्या चुकीचा स्टॅक ट्रेस आहे, सरावाला दिलेला, म्हणजे एरर कुठल्या कुठल्या ओळींतनं आली त्याची यादी, साठेक ओळी. बघा ती काय करते. वरनं वाचायला लागत नाही, आधी खाली जाते, शेवटचं "कॉज्ड बाय" शोधते, कारण मूळ कारण तिथं असतं. मग फ्रेमवर्कच्या (बाहेरनं घेतलेल्या तयार कोडच्या) ओळी सोडत सोडत आपल्या पॅकेजचं, म्हणजे आपल्या कोडच्या गठ्ठ्याचं, नाव असलेली पहिली ओळ. ती सापडल्यावर लगेच कोडला हात लावत नाही. वहीत लिहिते, कुठला ऑब्जेक्ट, कुणी बनवला, कधी बनवला, मधे कुणाकुणाच्या हातातनं गेला. मी मागं उभा आहे, तिनं मान न वळवता विचारलं, "दादा, हा बनतो कुठं?" हाच प्रश्न मला तीन महिने आणि एक हिशेबाचा खड्डा एवढं झाल्यावर सुचला होता.

आता ती टेस्ट लिहितेय. आधी तीच चूक मुद्दाम घडवून आणायची, टेस्ट लाल (नापास) झाली पाहिजे, लाल झाली नाही तर आपल्याला चूक कळलेलीच नाही. जावामध्ये नावं देवनागरीत देता येतात, तिनं मेथडचं नाव मराठीतच ठेवलंय:

न_विकलेल्या_फ्लॅटचं_बिल_बिल्डरच्या_नावावर

रन. लाल. कन्स्ट्रक्टरमध्ये एक ओळ, बिल्डरची एक नोंद. पुन्हा रन. तिनं खुर्ची थोडी मागं घेतली. हिरवा.

[पडद्यावर १ तारीख, १२ वाजून १ मिनिट, बिलांची यादी सरकतेय: ३०३, ३०४, ४०१...]