सगळे स्वर शुद्ध, तरी गाणं रडवतं कसं?

(व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं संपादित)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'कंट्री म्युझिक इतकं दुःखी का वाटतं आणि लोकांना ते का आवडतं'. मला पाऊण तास मिळालाय आणि दोन्ही 'का' त्यात बसवायचेत. आधी जे मांडायला मी मुद्दाम आलेय ते सांगून टाकते. हे संगीत, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतून आलेली गाणी, स्वरांनी दुःखी नाहीये, स्वर अगदी आनंदी आहेत, दुःख दुसरीकडून येतं, आणि ते कुठून येतं ते कळलं की लोक त्याच्यावर इतका जीव का टाकतात तेही कळतं.

अमेरिकेत एक जुना विनोद आहे. कंट्रीची रेकॉर्ड उलटी वाजवली तर काय होतं? बायको परत येते, कुत्रा परत येतो, आणि ट्रकसुद्धा परत मिळतो. हसलात, हसा, विनोद चांगलाच आहे. पण तो मी इतक्यांदा ऐकलाय, आणि सांगणाऱ्याने बहुतेक वेळा एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नसतं. आपल्याकडचे जॅझ ऐकणारे, रॉक ऐकणारे, बीथोवनवर तासभर बोलणारे लोक, कंट्री म्हटलं की लगेच टोपी आणि घोडा. गावठी म्हणून सोडून देतात. हे मला मनापासून लागतं, कारण हीच माणसं आपल्या लोकगीतांबद्दल किती हळवं बोलतात! आपलं गावठी ते अस्सल आणि दुसऱ्याचं गावठी ते गावठीच, हा काय न्याय झाला?

असो. स्वरांकडे येऊ. इथे निम्मे लोक तरी शास्त्रीय ऐकणारे आहेत. दुःख म्हटलं की आपल्या कानाला कोमल गंधार, कोमल धैवत हवा असतो, तिकडेही उदास गाणं म्हणजे मायनर, कोमल गंधाराचं स्केल, असं सगळे धरून चालतात. आता कंट्रीतला मोठा गायक हँक विल्यम्स, त्याचं १९४९ सालचं 'आय एम सो लोनसम आय कुड क्राय' घ्या. एकटेपणावरचं याच्याहून खोल गाणं मला तरी माहीत नाही. आणि स्केल? मेजर. म्हणजे आपला बिलावल थाट, सगळे स्वर शुद्ध. ठेका वॉल्ट्झचा, तीन-तीनचा, झुलता. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गट, मुख्यतः तीनच, षड्जावरचा, मध्यमावरचा आणि पंचमावरचा. एवढ्या सामानात कुणी लग्नातलं गाणंसुद्धा बांधेल. आणि गंमत सांगू, रेकॉर्ड निघाली तेव्हा हे गाणं होतं मागच्या बाजूला, पुढच्या बाजूला एक उडतं गाणं होतं.

मग रडू येतं कुठून? ते सांगतेच, पण त्याआधी कार्टर या गाणाऱ्या कुटुंबाची गोष्ट सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं नुसतं व्याकरण होईल.

साल १९२७, महिना ऑगस्ट. ब्रिस्टल नावाचं गाव, ज्याच्या मुख्य रस्त्याच्या मधून राज्याची हद्द जाते, एका फुटपाथवर टेनेसी आणि समोरच्यावर व्हर्जिनिया. व्हिक्टर रेकॉर्ड कंपनीचे राल्फ पीअर तिथे मशिनं घेऊन उतरले, डोंगरातल्या गायकांना बोलावलं, एका गाण्याला ५० डॉलर. व्हर्जिनियाच्या डोंगरातून तिघं आले. ए. पी. कार्टर, त्यांची बायको सारा, आणि मेबेल. मेबेल म्हणजे साराची नात्यातली बहीण आणि ए. पी.च्या धाकट्या भावाची बायको, म्हणजे या दोघी जावाही होत्या. मेबेल १८ वर्षांची आणि पोटुशी, आणि त्या अवस्थेत त्या खडबडीत रस्त्याने आलेली. त्याच आठवड्यात त्याच खोलीत जिमी रॉजर्स नावाचा रेल्वेतला ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा, तोही गायला, त्याला तेव्हाच टीबी होता. तो १९३३ मध्ये गेला, शेवटच्या रेकॉर्डिंगला स्टुडिओत खाट टाकली होती, दोन गाण्यांच्या मध्ये तो पडून राहायचा, आणि त्यानंतर दोनच दिवसांत सगळं संपलं. त्याच्यावर वेगळं बोलायला हवं, आज नाही.

तर कार्टर. ए. पी.ला गाणी गोळा करायचं वेड होतं. लेस्ली रिडल नावाचे एक कृष्णवर्णीय गिटारवादक, सिमेंट कारखान्यातल्या अपघातात एक पाय गेलेला, त्यांना बरोबर घेऊन हा माणूस डोंगरातून घरोघर हिंडायचा. ए. पी. शब्द लिहून घ्यायचा आणि रिडल चाल लक्षात ठेवायचे. रिडलचं नाव कार्टरांच्या रेकॉर्डवर कधी आलं नाही, म्हणून मी जिथे बोलते तिथे ते घेतेच. हँक विल्यम्सलाही लहानपणी अलाबामात रस्त्यावर वाजवणाऱ्या रूफस पेन नावाच्या कृष्णवर्णीय कलाकारानेच शिकवलं. जिला 'गोऱ्यांचं संगीत' म्हणतात त्या गोष्टीच्या मुळाशीच ही माणसं आहेत, आणि तो जो गंधार गाताना जरासा उतरतो, पूर्ण कोमलही नाही आणि पूर्ण शुद्धही नाही, तो ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांमधूनच आलाय.

आता नवरा महिनोन् महिने गाणी शोधत फिरतोय आणि सारा घरी पोरं, शेत, सरपण सगळं सांभाळतेय. ए. पी.चाच एक चुलत भाऊ, कॉय बेझ, मदतीला येत होता आणि त्या दोघांचं प्रेम जमलं. डोंगरातलं छोटं गाव, सगळे नातेवाईक, काय झालं असेल तुम्हीच विचार करा. कॉयचं कुटुंब कॅलिफोर्नियाला निघून गेलं. सारा घर सोडून माहेरच्या माणसांकडे राहायला गेली, पुढे घटस्फोट झाला. पण रेकॉर्डिंग चालू! वेगळी झालेली नवरा-बायको एका माइकपुढे उभी राहून विरहाची गाणी गाताहेत, कारण पैसे हवेत आणि आवाज तर जुळतात.

१९३८ मध्ये त्यांना मेक्सिकोच्या हद्दीवरच्या एका रेडिओ स्टेशनचं काम मिळालं. स्टेशन डॉक्टर ब्रिंकलींचं, हे गृहस्थ पुरुषांना बोकडाच्या ग्रंथी बसवून तारुण्य परत देतो म्हणायचे, खरंच, अमेरिकेतलं लायसन्स गेलं म्हणून नदीपलीकडे स्टेशन काढलं होतं. अमेरिकेत जास्तीत जास्त ५०,००० वॅटची परवानगी, इथे ५ लाख. आर्कान्सामधल्या कापसाच्या शेतावर जॉनी कॅश नावाच्या एका पोराने कार्टर मंडळी रेडिओवर ऐकली, आणि मोठेपणी मेबेलच्याच मुलीशी, जूनशी, लग्न केलं. आणि कॅलिफोर्नियात कॉय बेझही ऐकत होता. १९३९च्या सुरुवातीला एका संध्याकाळी साराने माइकवर सांगितलं की पुढचं गाणं कॅलिफोर्नियातल्या कॉयसाठी, आणि 'आय एम थिंकिंग टुनाइट ऑफ माय ब्लू आइज' गायलं. कार्टरांची गोष्ट सांगणारे सगळे हा प्रसंग सांगतात. कॉय आला आणि फेब्रुवारीत त्यांचं लग्न झालं. ए. पी.ने पुन्हा कधी लग्न केलं नाही. गावात दुकान चालवलं, १९६० मध्ये गेला. सारा १९७९ पर्यंत होती, कॅलिफोर्नियात वारली, पण दफन गावच्याच चर्चच्या आवारात झालं, जिथे ए. पी. आहे.

आणि त्या गाण्याची चाल ऐका कधीतरी. अगदी सरळ, मेजर, पोरंसुद्धा गुणगुणतील अशी. याच चालीवर रॉय एकफने १९३६ मध्ये धार्मिक गाणं गायलं, १९५२ मध्ये हँक थॉम्पसनने बायको सोडून गेल्याची तक्रार गायली, आणि त्याच वर्षी किटी वेल्सने त्याला उत्तर दिलं की बाई बिघडली तर पुरुषांचाही हात असतो, आणि ती कंट्रीच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलेली पहिली गायिका ठरली. चाल एकच. म्हणजे दुःख चालीत असतंच तर चारही गाणी एकाच दुःखाची झाली असती ना?

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? बरं. मग आता भराभर.

दुःख येतं दोन स्वरांच्या मधून, आणि हे आपल्या माणसांना सांगायला नको, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, ती आपल्याला माहीत आहे. कंट्रीत ते काम स्टील गिटार करते. स्टील गिटार मूळची हवाईची. जोसेफ केकुकू या मुलाने १८८९च्या सुमारास तारांवर धातूचा तुकडा घासला, तिथून सुरुवात, पुढे १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर सगळ्या अमेरिकेला हवाईचं वेड लागलं. तेच वाद्य आपल्याकडेही आलं, हझारा सिंग आणि व्हॅन शिपलींच्या फिल्मी रेकॉर्डी तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी होत्या, आणि ब्रिजभूषण काब्रांनी त्याच्यावर राग वाजवले. म्हणजे ही लांबची का होईना भावंडंच आहेत. पुढे अमेरिकेत त्याला पेडल लागले. वेब पियर्सच्या १९५४च्या हिट गाण्यात बड आयझॅक्सने दाखवलं की दोन तारा वाजत असताना एक जागेवर ठेवायची आणि दुसरी पायाने खेचत वर न्यायची. एक स्वर थांबलाय आणि दुसरा त्याच्याकडे सरकतोय. आणि गळा तेच करतो. जिमी रॉजर्सच्या योडलमध्ये, म्हणजे खालच्या आवाजातून एकदम वरच्या बारीक आवाजात उडी मारत गाण्यात, आवाज मुद्दाम फुटतो, हँकचाही फुटतो. आपण ज्या क्षणी रडू आवरतो त्या क्षणी आवाजाचं जे होतं, ते तो सुरात करून दाखवतो. शुद्ध गंधारावर पोचायच्या आधीच काळजात कळ उठते.

दुसरी गोष्ट शब्द. मी डेट्रॉइटजवळ राहायचे, तिथे आपली मराठी मंडळीही खूप, गाड्यांच्या कंपन्यांमुळे. माझ्याबरोबर काम करणारा एक जण होता, वडील केंटकीच्या कोळशाच्या डोंगरातून कारखान्यात आलेले. तिकडे म्हणायचे, शाळेत तीनच गोष्टी शिकायच्या, वाचायचं, लिहायचं आणि रूट २३, म्हणजे उत्तरेला जायचा रस्ता. लाखो लोक असे गेले. शुक्रवारी शिफ्ट संपली की गाडी काढून रात्रभर चालवत गावी, रविवारी परत. बॉबी बेअरचं 'डेट्रॉइट सिटी' १९६३चं, या माणसांचंच. दिवसा गाड्या बनवायच्या, गावी लिहायचं की मजेत आहे, आणि मन लागत नाही. ही माणसं मला एकटं वाटतं असं कुणाला म्हणणार नाहीत, नुसते गप्प राहतील, गाणं मात्र मोठ्याने लावतील. त्या मित्राने मला हे असं कधी सांगितलं नाही, पण कारमधला रेडिओ त्याने कधी बंद केला नाही.

तिसरं, आणि हे कुणी बोलतच नाही, की ही नाचाची गाणी आहेत! १९३३ मध्ये दारूबंदी उठली, टेक्सासकडे हॉंकी-टॉंक म्हणजे नाचाचे गुत्ते वाढले, ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकून गाणं लावायची मशिनं, आले, गोंगाटात ऐकू यावं म्हणून गिटारला वीज लागली. शनिवारी रात्री, आठवडाभर राबलेले लोक, मिठीत कुणीतरी आहे, आणि गाणं चाललंय सोडून गेलेल्या माणसाचं. पाय ठेक्यावर, शब्द काळजात. एकट्याने ऐकण्यापुरतंच समजलात तर अर्धं हातातून गेलं. म्हणून तर मेजर स्केल लागतं हो, मायनरवर ते नाचलेच नसते!

शेवटचं. जॉर्ज जोन्स, १९८०, 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे'. एक माणूस मरेपर्यंत तिच्यावर प्रेम करतो, मेला तेव्हाच ते थांबतं. जोन्सला ते गाणं फार उदास वाटलं, हे कोण विकत घेणार म्हणाला, निर्माते बिली शेरिलनी चिकाटीने करून घेतलं. पहिल्या नंबरला गेलं. घरी जाऊन ऐका, मध्ये एक बाई सुराने वर जाते आणि तो नुसता बोलतो, गात नाही, तिथे थांबा आणि कुठला स्वर कोमल आहे ते मला शोधून दाखवा.

बँजो राहिला, तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी अमेरिकेत आणला, आणि गायिका डॉली पार्टन तर पूर्णच राहिली. प्रश्नांना वेळ आहे ना? मग कुणीतरी तिच्याबद्दल विचारा.