हॉर्न न वाजणाऱ्या देशातून गाडीने

श्रोतेहो, नमस्कार.

आज थायलंडला जाऊ. झेंडीवाल्या गाइडच्या मागून धावत, मोजून दिलेल्या वेळात फोटो काढत नव्हे, तर स्वतः गाडी चालवत. बँकॉकहून निघायचं आणि उत्तरेकडे जात जात चियांग राय गाठायचं. सुमारे आठशे किलोमीटरचा रस्ता आहे, आणि आखणी नीट केली तर परदेशात पहिल्यांदा गाडी चालवणाऱ्यालाही झेपेल असा आहे.

पहिला प्रश्न नेहमी हाच येतो, की आपलीच गाडी इथून नेता येईल का? नकाशावर रस्ता दिसतो खरा. मणिपूरमधल्या मोरेपासून म्यानमारमार्गे थायलंडच्या मे सोतपर्यंत, साधारण १३६० किलोमीटर, असा तीन देशांचा महामार्ग ठरलेला आहे. पण २०२१ च्या लष्करी उठावापासून म्यानमारमध्ये जे चाललंय ते पाहता त्या वाटेचा विचार तूर्त सोडा. विमानाने जा, गाडी तिथे भाड्याने घ्या. थायलंडमध्येही वाहतूक डावीकडूनच आहे आणि स्टिअरिंग उजवीकडेच, त्यामुळे अर्धी भीती तिथेच जाते.

आता कागद. आपलं नेहमीचं लायसन्स, आणि जोडीला आरटीओतून मिळणारं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. ते एक वर्ष चालतं. पुन्हा सांगते, दोन्ही हवीत. परमिट आहे म्हणून मूळ लायसन्स घरी ठेवून जाऊ नका. अनामत रक्कम बहुधा चालवणाऱ्याच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, तेव्हा गाडी कोण चालवणार आणि कार्ड कोणाचं, हे घरातच ठरवा. देशात शिरण्याआधी भरायचं डिजिटल अरायव्हल कार्ड १ मे २०२५ पासून सुरू झालंय, ते विसरू नका. आणि गाडीच्या विम्याच्या कागदावर २५६८, २५६९ असली सालं दिसली तर दचकू नका. तिथलं बौद्ध वर्ष आपल्या इसवी सनाच्या ५४३ पुढे आहे. ५४३ वजा करा आणि विम्याची मुदत संपलेली नाही ना, तेवढं पाहा.

कधी जायचं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आपल्याकडे मुलांच्या सुट्ट्या एप्रिल-मेमध्ये, म्हणून सगळे तेव्हाच उठतात. पण मार्च-एप्रिलमध्ये उत्तर थायलंडात शेतं आणि जंगलं जळत असतात, डोंगर धुरात बुडतात आणि डोळे चुरचुरतात. त्यातच १३ ते १५ एप्रिल हा त्यांचा नववर्षाचा सण, सोंगक्रान. अख्खा देश गावी निघतो आणि त्या आठवड्यातल्या अपघातांची मोजदाद तिथलं सरकार दरवर्षी वेगळी करतं. त्यापेक्षा दिवाळीची सुट्टी साधा. आपली त्रिपुरी पौर्णिमा असते त्याच सुमारास त्यांचा लॉय क्राथोंग येतो. सुखोथाईच्या जुन्या राजधानीतल्या तळ्यांत दिवे लावलेले द्रोण सोडतात, ते बघायला मिळालं तर सोन्याहून पिवळं.

रस्त्यांचे नंबर समजून घ्या, फार उपयोग होतो. नंबराचा पहिला आकडा भाग सांगतो. एक म्हणजे उत्तर, दोन म्हणजे ईशान्य, तीन म्हणजे मध्य आणि पूर्व, चार म्हणजे दक्षिण. आणि नंबरात आकडे जितके जास्त, तितका रस्ता लहान. आपला रस्ता नंबर एक, फहोन्योथिन. १०९५ असा चार आकडी नंबर दिसला की समजा, घाट आला. चियांग मायहून पाईला जाणारा तो रस्ता, ७६२ वळणांचा म्हणून प्रसिद्ध आहे. तिथले दुकानदार या आकड्याचे टीशर्ट विकतात, आणि ज्याला निम्म्या वळणांवर उलटी झाली तोच तो हमखास विकत घेतो.

बँकॉक शहरात गाडी चालवू नका. शहर मेट्रोने, बोटीने बघा आणि निघायच्या सकाळी डॉन मुआंग विमानतळावर गाडी ताब्यात घ्या. ते शहराच्या उत्तर टोकाला आहे, बाहेर पडलं की आपला रस्ता समोर. आणि दिवसाला तीनशे किलोमीटर. लिहून ठेवा, तीनशे. रस्ते गुळगुळीत आहेत, पाचशेसुद्धा होतील, पण मग तुम्ही फक्त रस्ताच बघाल. "दहा दिवसांत सहा देश" करून आलेल्या लोकांशी माझं कधी जमलं नाही. त्यांना जेवायला काय होतं विचारा, विमानतळावरचं सँडविच सांगतील.

तीनशेच्या हिशोबाने पहिल्या दिवशी अयुथ्थया बघत नखोन सावनपर्यंत जा. तिथे पिंग आणि नान या नद्या एकत्र येतात आणि पुढे त्याच चाओ फ्राया म्हणून बँकॉकला जातात. संगम बघायला मराठी माणूस थांबणार नाही असं होतच नाही. दुसरा दिवस सुखोथाई. तिसऱ्या दिवशी लांपांग, आणि लांपांगच्या पुढची गोष्ट सांगायची म्हणून तर मी आज इथे बसले आहे.

आमच्या सहलीत गाडी चालवायला दादा होते. दादा म्हणजे माझे थोरले मामेभाऊ, एसटीतून निवृत्त झालेले चालक. सगळी नोकरी घाटात गेली, कुंभार्ली, आंबेनळी, वरंध. अशा माणसाच्या हाती ऑटोमॅटिक गाडी आली. डावा पाय क्लच शोधत सारखा फरशीवर आपटायचा. त्याची सवय एका दिवसात झाली. अडचण होती हॉर्नची.

थायलंडमध्ये हॉर्न वाजवत नाहीत. वाजवला तर समोरच्याला शिवी दिल्यासारखं होतं. सिग्नल हिरवा झाला आणि पुढची गाडी हलली नाही, तरी मागचे मुकाट थांबतात. आपल्याकडे ट्रकच्या पाठीवर "हॉर्न ओके प्लीज" लिहायला राज्य सरकारने २०१५ मध्ये बंदी घातली, पण लिहिणं बंद झालं म्हणून वाजवणं थांबतं का? वळणावर हॉर्न ही दादांच्या लेखी सुरक्षितता होती, आणि आपल्या अरुंद घाटांत ते बरोबरही आहे. पण इथे चार पदरी रस्ता, मधे दुभाजक. तेव्हा मुलांनी नियम काढला की मामांनी हॉर्न वाजवला की वीस बात दंड, बात म्हणजे तिथलं चलन. लाडवांचा रिकामा डबा डॅशबोर्डवर ठेवला. पहिल्या दिवशी डबा चांगला वाजायला लागला. दुसऱ्या दिवशी दादांचा हात स्टिअरिंगच्या मधोमध जायचा, थबकायचा आणि मुकाट मांडीवर परत यायचा. तिसऱ्या दिवशी तर एकही नाणं पडलं नाही. मुलं नाराज.

लांपांग सोडलं, रस्ता डोंगरात शिरला. दोन्ही बाजूंना चुनखडीचे उभे कडे, मधून रस्ता. पुढे एक मालट्रक होता. एका वळणावर त्याने वाजवला. तीनदा. पाठोपाठ आमच्या मागच्या पिकअपने वाजवला, तोही तीनदा. मग शेजारून जाणाऱ्या गाडीने. तीन दिवस ज्या देशात हॉर्न ऐकला नव्हता, तिथे एका मिनिटात सगळे वाजवायला लागले.

दादांचा चेहरा उतरला. "गाडीला काय झालंय," म्हणाले. "टायर गेला, नायतर डिकी उघडी हाय." हॅझर्ड लावले, गाडी डावीकडे घेतली, खाली उतरले. चारही टायर लाथ मारून बघितले. डिकी बंद. मागचे दिवे चालू. वाकून गाडीखाली बघितलं, तेल नाही की पाणी नाही. आणि रस्त्यावरून येणारी प्रत्येक गाडी पीप पीप पीप करून निघून जातेय. दादा तिथे कंबरेवर हात ठेवून उभे. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हॉर्नचा अर्थ लागत नव्हता त्यांना.

मग आमच्या लक्षात आलं की आपण कुठे थांबलोय. कड्याच्या पायथ्याशी एक देवस्थान होतं. उदबत्त्यांचा धूर, हारांचे ढीग, हत्तींच्या लहान-मोठ्या मूर्ती, आणि खांबावर उभी केलेली देव्हाऱ्याएवढी घरं, रांगाच्या रांगा. हार विकणाऱ्या बाई आमच्याकडे बघून हसत होत्या. दर्शनाला आलेल्या एका कुटुंबात शाळकरी मुलगा होता. त्याला जेमतेम इंग्रजी येत होतं, पण सांगायची हौस दांडगी.

जागेचं नाव प्रतू फा, म्हणजे कड्याचा दरवाजा. इथला देव मूळचा लांपांगचा योद्धा, फया म्यू लेक, लोखंडी हातांचा. बर्मी सैन्य चालून आलं तेव्हा दोन हातांत दोन तलवारी घेऊन त्याने ही खिंड अडवली, असं सांगतात. लढता लढता मेला, पण पडला नाही. कड्याला पाठ टेकून, तलवारी धरून तसाच उभा राहिला. शत्रूला वाटलं जिवंतच आहे, आणि ते मागे फिरले. तेव्हापासून या खिंडीतून जाणारा प्रत्येक ड्रायव्हर हॉर्न वाजवून त्याला मुजरा करतो आणि मग पुढे जातो.

मुलाने कड्याला टेकून, दोन्ही हात पसरून करूनही दाखवलं. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "बाजीप्रभूच की गं हा."

आणि त्यांनी त्या मुलाला मराठीतून, हातवारे करून, शिंग्रोबाची गोष्ट सांगायला घेतली. बोरघाटातलं शिंग्रोबाचं देऊळ तुम्हाला ठाऊकच असेल. ज्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली, म्हणतात, तो शिंग्रोबा. जुन्या रस्त्याने जाणारे ड्रायव्हर अजून तिथे नाणं टाकतात. दादाही गाडी हळू करून खिडकीतून टाकायचे. मी इंग्रजी करत होते, मुलगा थाई करत होता, आणि हारवाल्या बाई मान डोलवत होत्या. त्यांना किती कळलं देव जाणे, पण ड्रायव्हरने खिंडीतल्या देवाला काहीतरी द्यायचं असतं, एवढं त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बाईंनी मोगऱ्याचा एक हार दादांच्या हातात दिला आणि गाडीच्या आरशाकडे बोट दाखवलं. तिथे बहुतेक गाड्यांत तो लटकत असतो, गाडीची राखण करणाऱ्या देवीसाठी. तिला मे या नांग म्हणतात. हाराचे वीस बात. दादांनी डब्यातून काढून दिले. "दंडाचे पैसे आहेत ते!" मुलं ओरडली. "माझेच होते ना?" दादा म्हणाले.

गाडी सुरू झाली. दादांनी आधी आरसा बघितला, मग मुलांकडे बघितलं, आणि तळहाताने दाबून धरला. तीनदा, पण पिपाणीसारखा नाही. एसटी वळणावर देते तसा, लांब, पोटातून. पलीकडचा ट्रकवाला मान वळवून बघत राहिला. मागे दंडाचा खटला सुरू झाला. देवासाठी वाजवलेला हॉर्न धरायचा की नाही, हा वाद फयावच्या तळ्यापर्यंत चालला. धाकटीचं म्हणणं होतं की पहिले दोन माफ, तिसरा जास्त लांब होता.

सांगायचा मुद्दा हा की त्या दिवशी आम्हाला पुढे तीनशेपेक्षा जास्त कापायचे नव्हते, म्हणून तिथे दीड तास गेला तरी कोणी घड्याळ बघितलं नाही. म्हणून पुन्हा एकदा, दिवसाला तीनशे.

आता वेळ थोडा उरलाय, भराभर सांगते. रात्री हायवेवर गाडी चालवू नका. कुत्री असतात, बिनदिव्याच्या मोटारसायकली असतात, आणि त्या उलट्या दिशेने कडेकडेने येतात. दुभाजकामुळे यू टर्न कधी कधी कित्येक किलोमीटरवर असतो, आणि तो घेणारे उजव्या लेनमध्ये वेग कमी करतात. म्हणजे आपण जिला वेगाची लेन समजतो तिथेच धोका. ओव्हरटेक झालं की डावीकडे या. सहा वर्षांखालचं मूल असेल तर चाइल्ड सीट गाडीबरोबरच मागून घ्या, २०२२ पासून तसा कायदा आहे. पंपावर पेट्रोलला गॅसोहोल म्हणतात, ९१, ९५, ई२०. आपल्या गाडीला कोणतं, ते टाकीच्या झाकणाच्या आत बघा आणि भरणाऱ्याला बोटाने दाखवा. पंपावरची स्वच्छतागृहं मात्र बघण्यासारखी. आपल्या हायवेवाल्यांची सहल तिथे काढायला हवी, सरकारी खर्चाने का होईना.

शाकाहारी मंडळींनी पिवळ्या पताकेवरचं लाल अक्षर ओळखायला शिकावं. ते थाई लिपीतलं "जे". तिथे मांस नाही, मासळीचा सॉस नाही, पण कांदा-लसूणही नाही. मी म्हणते ठेपल्यांची चवड घेऊन जाऊ नका, निदान एक जेवण तिथलं जेवा. लोणच्याची बाटली चालेल.

नंबर लिहून घ्या. टुरिस्ट पोलीस ११५५. पुन्हा सांगते, एक, एक, पाच, पाच. अँब्युलन्स १६६९. हायवे पोलीस ११९३.

आणि गाडी घेताना चारही बाजूंनी, छतासकट, व्हिडिओ काढून ठेवा. परत देताना टाकी भरून द्या, पावती खिशात ठेवा, आणि चियांग रायला सोडणार असाल तर वेगळ्या गावी गाडी सोडण्याचे पैसे किती, ते बँकॉकमध्ये सही करण्याआधी विचारा. ती रक्कम कधी कधी एका दिवसाच्या भाड्याहून मोठी निघते. नमस्कार.