रक्तातच असतं का?

(दृश्य : ग्वाल्हेर, लष्कर. चिटणीसांची गोठ या वस्तीतली घरं.)

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या मराठी घरांत कुणाचा मुलगा हाणामारीत सापडला, की ओसरीवरून हमखास ऐकू येतं : "रक्तातच आहे हो त्यांच्या. आजोबा काय कमी तापट होते?"

या एका वाक्याने फार माणसं भरडली गेली आहेत. 1830 च्या दशकात सागरला फाशी दिलेल्या ठगांच्या सात कवट्या थेट एडिनबर्गला पाठवल्या गेल्या. कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणाऱ्यांनी त्या मोजल्या. क्रौर्याचा उंचवटा काही फार मोठा निघेना. तरी सिद्धान्त कुणी सोडला नाही. 1871 मध्ये तर कायदाच आला. अख्ख्या जमाती गुन्हेगार, पाळण्यातल्या पोरासकट. तो शिक्का पुसायला 1952 उजाडावं लागलं.

(दृश्य : चंबळचे बेहड, नदीकाठच्या खोल घळी.)

इथून जवळच, जौऱ्याला, एप्रिल 1972 मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने चंबळच्या बागींनी, म्हणजे दरोडेखोरांनी, गांधीजींच्या तसबिरीसमोर बंदुका ठेवल्या. त्यांतले मोहरसिंग शिक्षा भोगून पुढे मेहगावचे नगराध्यक्ष झाले. जनुकं तीच होती.

मग जनुकांचा काहीच संबंध नाही? आहे. 1993 मध्ये हॅन ब्रुनर यांना एका डच कुटुंबात 'एमएओए' हे जनुक बिघडलेलं आढळलं. सेरोटोनिनसारखी मेंदूतली रसायनं मोडणारं विकर त्या पुरुषांत काम करत नव्हतं, आणि ते क्षुल्लक कारणावरून भडकत. पण इतका बिघाड फार दुर्मीळ.

खरं बोलकं काम 2002 चं. न्यूझीलंडच्या डुनेडिनमध्ये लहानपणापासून पाहिलेल्या 442 मुलग्यांपैकी ज्यांचं हेच जनुक मंद होतं, म्हणजे ते विकर कमी बनवत होतं, आणि ज्यांनी बालपणी छळ सोसला, ते हिंसेकडे अधिक वळले. जनुक तसंच मंद, पण छळ नाही, अशांत ती वाढ दिसली नाही. पुढच्या अभ्यासांत हे नातं प्रत्येक वेळी तितकं ठळक आलेलं नाही. तरीही मला ते सर्वांत मोलाचं वाटतं, कारण जनुक बदलणं आपल्या हाती नाही, मार थांबवणं आहे.

कपाळामागचा मेंदू रागाला लगाम घालतो, आणि तो पंचविशीपर्यंत घडत असतो. सततच्या मारहाणीचा, भीतीचा परिणाम त्या घडणीवर होतो. म्हणून आमच्या शाळांत समुपदेशक हवा आहे. मारामारी झाल्यावर बोलवायला नाही; मूल पाठीवर वळ घेऊन वर्गात येतं, त्या दिवशी.