हक्कसोड

(दुय्यम निबंधक कार्यालय. दुपार.)

वेबकॅमसमोरच्या स्टुलावर ती बसते. पदर सावरते. फोटो निघतो. मग अंगठा यंत्रावर. पहिल्या खेपेला उमटत नाही. खुरपणी करून रेषा झिजल्यात. मागून भाऊ म्हणतो, "ताई, जरा दाबून धर."

ती हक्कसोडपत्र करून देतेय. वडिलांच्या जमिनीतला वाटा, भावाच्या नावे, विनामोबदला.

हा वाटा तिच्यापर्यंत यायला फार वर्षं लागली. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतरही वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मुलांनाच होता. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून तो मुलींना दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे सख्ख्या बहिणी दोघी. एकीचं लग्न त्या मे महिन्यात, दुसरीचं डिसेंबरात. थोरली परकी, धाकटी वाटेकरी! २००५च्या केंद्रीय दुरुस्तीनं लग्नाची ही अट गेली. तरी 'दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात होते का' यावर कज्जे चालूच. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं: मुलीचा हक्क जन्मापासूनचा, वडील हयात असण्याची गरज नाही.

आता गावात या. वडील गेले की वारसनोंद होते, आणि बहिणींची नावं सातबाऱ्यावर कित्येकदा मालकाच्या रकान्याऐवजी 'इतर हक्कात' जाऊन बसतात. कसणारा भाऊ, पीककर्ज त्याला. जमीन विकायची वेळ आली की बहिणींची आठवण होते. फोन येतो, गाडी येते, साडीचोळी होते.

"तुझ्या लग्नात खर्चलं, तोच तुझा वाटा." तो खर्च मांडवात आणि सासरी गेला, तिच्या नावावर काय आलं, हे कुणी विचारत नाही.

सीमेपलीकडेही हेच दुखणं. पाकिस्ताननं २०११ साली, बाईला फसवून वा बेकायदा मार्गानं वारशापासून दूर ठेवणं हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरवला.

पण फिर्याद करायची कुणावर? सख्ख्या भावावर? मग भाऊबीजेला जायचं कुठं? सासरी खटकलं तर रात्री कुणाची कडी वाजवायची? ती भोळी नाही. त्या एका दाराची किंमत ती जमिनीत मोजतेय.

(पुन्हा कार्यालय.)

"दस्त मान्य आहे ना?"

"हो साहेब," भाऊ म्हणतो.

"त्यांना बोलू द्या."

ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते. चारची एसटी गाठायचीय.

"हो."